लाल कोट

दरवर्षी अकरा कोट शिवतो मी.
कापड टॉवेलच्या कारखान्यातलं, सेकंडचं,
यल्लप्पा गाजूल किलोवर देतो,
ते मी अंगणात लाल रंगात उकळतो.
बटणांना पुठ्ठा, वर सोनेरी कागद.
लांबून पितळ दिसतं.
लांबूनच बघायचं असतं सगळ्यांनी.

मे महिना, त्रेचाळीस डिग्री,
भुईकोटाच्या दारात
टॉवेलचा कोट घालून
इंग्रज व्हायला कोण तयार होणार?
पोरं चिठ्ठ्या टाकतात.
ज्याला लाल निघते तो तोंड पाडतो,
त्याची आई संध्याकाळी दुकानात:
"मामा, ह्याला आपल्या बाजूनं घ्या की,
आजोबांना फोटो पाठवायचाय."
मी म्हणतो, बाई, मी फक्त मापं घेतो.

लढाई वीस मिनिटांची.
भाषणं दोन तास.
नगरसेवक येईपर्यंत दोन्ही फौजा
एकाच बाभळीखाली, एकाच पाकिटातल्या शेंगा खात.
मी सुई तोंडात धरून
कुणाची उसवलेली बाही टाचत.

हत्तुरे सर माईकवर सांगत होते:
आधी पेठ पडली, मग किल्ला.
आत अरब होते, कुठून कुठून आलेले.
आणि चाल करून आले त्यांच्यात
गोरे थोडे, मद्रासकडचे शिपाई जास्त.
तेलुगू बोलणारेही असतील त्यात, सर म्हणाले,
आणि माईक कोकलला.

सुई बोटात गेली.

घरात आम्ही तेलुगू,
गिऱ्हाइकाशी मराठी,
उधारी मागताना दोन्ही.
आजवर लाल कोट म्हणजे ते,
टाळ्या म्हणजे आपण,
एवढा सोपा हिशोब होता.
आता बघतो तर अकरा कोटांत
अकरा ओळखीची मापं:
छाती चौतीस, बाही बावीस,
उजवा खांदा जरा खाली,
सायझिंगला बीम उचलून जसा होतो.

लढाई सुरू झाली.
सुतळी बॉम्ब, धूर, घोषणा.
शफीक नदाफ दरवर्षी बुरुजाखाली मरतो,
यंदाही मेला, चांगला मेला,
त्याच्या शेजारी चिठ्ठीतला इंग्रज, विनायक बोल्ली.
फरशी तापलेली.
दोघं मेलेल्यांनी हळूच कूस बदलली.
विनायक ओठातल्या ओठात आईला म्हणतो तसं म्हणाला,
"नीळ्ळू."
शफीक डोळे मिटूनच:
"गप. मेलायस तू."

तेव्हा कुणी म्हणालं असेल का असंच,
याच उन्हात, तटाच्या त्या बाजूला?
आणि या बाजूला कुणी अरबीत?
पाण्याला पाणी म्हणणारा
मधे कुणी उभा असेल का
घागर घेऊन, कुणाला आधी, या घोरात?
सरांच्या कागदात ते नसतं.
कागदात सरदार, तोफा, तारीख.

तेवढ्यात मागच्या बायकांत एक फोन वाजला.
मग दुसरा. मग दहा.
अशोक चौकात पाणी आलंय.
साखर पेठेत आलंय.
पाच दिवसांनी आलंय, पाऊण तास राहणार.

मी काय सांगू तुम्हाला.
मेलेले सगळे उठले.
आपले उठले, त्यांचे उठले,
तलवारी काखेत, टोप्या हातात,
शफीकच्या गाडीवर मागे विनायक, लाल कोट भरारा उडतोय,
नगरसेवक "दोन शब्द" म्हणतायत
आणि समोर रिकाम्या खुर्च्या,
तळ्यावरून येणारा गरम वारा.
असा तह मी कुठल्या भाषणात ऐकला नाही.

रात्री कोट परत आले,
पाठीवर घामाचं मीठ, पांढरं, नकाशासारखं.
बायकोनं टीप भरून ठेवलं होतं.
एकेक बुडवला.
रंग कच्चाच, सुटणारच.
पेठ पडल्यावर
इथलाच कुणी शिंपी
आठवड्यानं नव्या साहेबाचं माप घेत
वाकला असेल, असं मनात आलं.
त्यानं काय शिवलं, कुणी लिहिलं नाही.
मजुरी मिळाली का, तेही नाही.

लाल पाणी फेकवेना.
पाचव्या दिवसाचं पाणी ते.
तुळशीला नको, बायको म्हणाली.
मग दारातल्या कडुनिंबाला घातलं,
दोन बादल्या,
आणि अकरा कोट दोरीवर टाकले,
कुठला कोण ते न बघता.